शकूवन्संचं माहेरपण

"घड्याळ काढा, वन्सं," मी म्हटलं.

शकूवन्सं नुकत्याच रिक्षातून उतरल्या होत्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, कपाळावरून घाम ओघळतोय. मे महिन्यात बार्शीहून कराडपर्यंत एसटीनं आलेल्या बाईला आधी पाणी द्यायचं असतं. ते मी दिलं. पण तांब्या परत घेता घेता दुसरा हात घड्याळासाठी पुढे केला.

"घड्याळ कशाला गं?"

"मी पडून असते तेव्हा लावत नाही. किती वेळ गेला ते दिसलं की जीव घाबरा होतो. तुम्हाला माझ्यासारखा आराम हवाय ना?"

त्या खदखदून हसल्या. "अगदी घड्याळापासून सुरुवात का? घे बाई, घे." आणि त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. मागे मुकुंद बॅग घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आता त्यांच्या बहिणीचं मंगळसूत्रही काढून घेणार आहे.

शकूवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. मुकुंदपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. सासूबाई गेल्यावर त्यांचं माहेर म्हणजे आम्हीच, आणि माहेरपण करणारी मी. मेमध्ये चार दिवस त्या हक्कानं यायच्या. त्यांच्या सासरी गौरी नसतात, म्हणून गौरीलाही यायच्या. हातात विलक्षण उरक. वीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं काढतील आणि वर पदर खोचून विचारतील, अजून कोण राहिलंय? बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. आणि मी तर झोपलेली होते.

माझं दुखणं एका तापानं सुरू झालं होतं. साधा ताप, आठवड्यात उतरला. ताप उतरला, पण मी काही वर आले नाही. वेणी घालायला हात उचलले की दंड भरून यायचे. आंघोळ केली की दुपारपर्यंत आडवं पडावं लागायचं. दहा तास झोपून उठलं तरी रात्रभर ओझी वाहिल्यासारखं वाटायचं. रेडिओचा आवाज सोसवत नव्हता, खिडकीतला उजेड सोसवत नव्हता. मी वाचनालयात ग्रंथपाल होते, आणि मला पुस्तकाचं एक पान धड वाचून होत नव्हतं. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. त्या नॉर्मलचा मला इतका राग यायचा! एखादा तरी आकडा चुकायला हवा होता, म्हणजे लोकांच्या तोंडावर मारता आला असता.

शेवटी मिरजेच्या डॉक्टर कारखानीसांनी दुखण्याला नाव दिलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. गोळी नाही, ऑपरेशन नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? ती पूर्ण रिकामी होऊ दिली तर काय होतं?"

"गाळ वर येतो. मग दोन दिवस नळाला घाण पाणी येतं."

"तेच. तळ गाठायचा नाही. दमण्याआधी थांबायचं. आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी जास्तच जपायचं, कारण त्याच दिवशी माणूस टाकी उपसतं."

मी शिकले. दात घासून पडायचं, चहा पिऊन पडायचं. आंघोळीच्या दिवशी केस विंचरायचे नाहीत. ओट्यापाशी बसून भाजी चिरता यावी म्हणून मुकुंदनी सुताराकडून उंच स्टूल करून घेतलं. असं करत करत वर्षभरात मी घरातल्या घरात हिंडूफिरू लागले. वाचनालयात परत रुजू व्हायची बोलणीही झाली. आणि मग त्या वर्षीच्या गौरी आल्या.

त्या दिवशी मला छान वाटत होतं. स्टूलावर बसून मी कणीक तिंबत होते. शकूवन्सं आत आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आज तर टवटवीत दिसतेस की! रंग बघ कसा उजळलाय. आणि गौरीच्या पोळ्या कुणी असल्या बैठकीवर बसून लाटतं का? ऊठ."

मी उठले. त्यांनी स्टूल उचललं आणि माळ्यावर टाकलं. मी दिवसभर उभी राहिले. पोळ्या, सोळा भाज्या, वाढणं, सवाष्णींच्या ओट्या, संध्याकाळची आरती. सगळ्यांनी कौतुक केलं. वन्सं म्हणाल्या, "बघितलंस? मनाचं असतं सगळं."

दुसऱ्या दिवशी मला दातांचा ब्रश उचलेना. वर्षभर मी पुन्हा मागच्या खोलीत. वाचनालयानं दुसरी बाई नेमली.

आता त्या बाईच्या नवऱ्याची बदली झाली होती आणि ती त्याच्याबरोबर जाणार होती. जूनपासून सकाळचे दोन तास येऊन बसाल का, असं समितीनं मला विचारलं होतं. दोन तास! मला ते दोन तास कुठल्याही दागिन्यापेक्षा हवे होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, होईल, फक्त तोवर एकदाही तळ गाठू नका. आणि मध्ये होता मे महिना. मध्ये होतं शकूवन्संचं माहेरपण. आमरस, कुरडया, गच्चीवर पापड, रोज पाहुणे, आणि मी बसले की त्यांचं ते, "जरा हिंडलीस की बरं वाटेल गं."

फेब्रुवारीत मुकुंदच्या चुलतभावाचं लग्न होतं. दोन दिवस पडून राहून मी तासाभरासाठी गेले होते. लोकांना मी दिसायची ती अशी, नटूनथटून, तासाभराची. आधीचे दोन दिवस आणि नंतरचे चार कुणालाच दिसत नव्हते. बायकांच्या घोळक्यात वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, "नलिनीसारखा आराम मला चार दिवस मिळाला ना, तर मी परत वीस वर्षांची होईन. आमच्या नशिबात कुठलं आलंय असलं सुख!"

सगळ्या हसल्या. माझ्या कानशिलात गरम झालं. पण तोंडानं मी गोड म्हणाले, "मग या की मेमध्ये. माझा आराम मी तुम्हाला जसाच्या तसा देते. चार दिवस. पण मोडायचा नाही हं मध्येच."

"मी? हूं की चूं करणार नाही. शकुंतला म्हणतात मला."

हे सगळ्यांच्या समोर झालं. शकूवन्सं शब्दाच्या पक्क्या होत्या, हे मला माहीत होतं. मी सगळं त्याच्यावरच रचलं होतं.

त्या येण्याआधी पंधरा दिवस मी जास्तीची पडून राहिले. कशासाठी? सूडासाठी. अंगात जरा बळ साठवून ठेवत होते. मुकुंदना म्हटलं, "तुम्ही मध्ये पडायचं नाही. स्वयंपाक तुम्ही करायचा, मी सांगेन तसा."

"अगं, मोठी बहीण आहे माझी."

"म्हणून तर. पाहुणचारात कुचराई नको."

मुकुंद ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते, त्यांना मेची सुटी होती. बिचाऱ्यांना दोन बायकांच्या मध्ये उभं राहायची सवय होती, पण आवड नव्हती.

मागची खोली मी तयार करून ठेवली होती. ही खोली म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोलीलाच मध्ये आडोसा घालून केलेली. एक कॉट, एक खिडकी, तिला जाड पडदा. वन्सं आत आल्या आणि कॉटवर टेकल्या.

"पडदा कशाला ओढलास?"

"उजेड नको. टीव्ही नाही, रेडिओ नाही, पेपर नाही. बोलायचं तेही थोडं, बोलण्यानंही दम लागतो. आता आडव्या व्हा."

"आणि काय करू?"

"आराम."

पहिला दिवस मला फार जड गेला, कारण वन्संना तो आवडला. त्या घोरत झोपल्या. संध्याकाळी डोळे उघडून म्हणाल्या, "स्वर्ग आहे गं हा! तू रोज असं करतेस? मज्जा आहे बाई एका माणसाची." मी बाहेर येऊन मुकुंदना म्हटलं, "बघा, वन्संना आवडलंय." ते आनंदले. मी त्यांच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वन्सं टुणकन उठून बसल्या. "झाली झोप. फार बरं वाटतंय आज. चल, कुरडयांचा चीक काढू."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं वाटतंय ना? मग आज तर जास्तच पडायचं. बरं वाटतं त्याच दिवशी जपायचं असतं."

"हे काय नवीनच?"

"माझा आराम असाच आहे, वन्सं. मोडायचा असेल तर सांगा. मी काही कुणाला सांगणार नाही."

त्या आडव्या झाल्या. नऊच्या सुमाराला आंघोळ केली, तीही बसून, सावकाश, मी दाराबाहेरून सांगत होते तशी. केस मोकळे सोडून त्या कंगवा शोधायला लागल्या.

"आंघोळ झाली ना? केस उद्या."

"अगं, जट होईल त्याची!"

"माझी होते."

त्यांचे केस अजूनही लांबसडक होते, आणि त्यांना त्याचा तोरा होता. तशाच ओल्या गुंत्यावर त्या पडल्या. छताकडे बघत राहिल्या. अर्ध्या तासानं हाक आली, "नलिनी, किती वाजले?"

"कशाला हवंय? कुठं जायचंय तुम्हाला?"

मग दूध ऊतू गेलं. म्हणजे मी जाऊ दिलं, खोटं कशाला बोलू! मुकुंद दूध गॅसवर ठेवून खाली भाजीवाल्याकडे गेले होते. मी बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून होते. स्वयंपाकघर चार पावलांवर. पातेल्याचा बारीक खळखळ आवाज यायला लागला. बायकांना तो आवाज झोपेतही कळतो.

"नलिनी! दूध!" आतून वन्सं.

"हो."

"अगं वर आलं असेल! बंद कर!"

"तुम्ही पडा, वन्सं."

"जातंय ते! जातंय! वास येतोय!" त्यांची कॉट करकरली.

"जाऊ दे. माझंही असंच जातं. मी आतून ऐकत असते आणि उठता येत नाही. मग दुपारी मुकुंद ओटा पुसतात. तुम्ही आराम करा."

करपलेल्या दुधाचा वास घरभर पसरला. मुकुंद धावत आले आणि चटका बसला म्हणून ओरडले. वन्सं आत तोंडानं नुसतं चक् चक् करत होत्या. मी इतकी सुखी बऱ्याच वर्षांत झाले नव्हते.

संध्याकाळी मी त्यांच्या उशाशी बसले आणि एकेक करून त्यांचीच वाक्यं काढली. "रंग बघा कसा उजळलाय तुमचा!" मग थोड्या वेळानं, "नशीबवान आहात बाई. आम्हालाही थकवा येतो, पण सांगणार कुणाला?" मग जेवणाचं ताट ठेवताना, "मन रमवा जरा. मनाचं असतं सगळं." जेवणात मऊ भात आणि मुकुंदच्या हातचं वरण होतं, म्हणजे हळदीचं पाणी.

"तू मला टोमणे मारतीयेस," त्या म्हणाल्या.

"मी? मी तर काळजीनं बोलतेय."

हेही त्यांचंच वाक्य होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंदूमावशी आल्या. या सासूबाईंच्या धाकट्या बहीण, मागच्याच गल्लीत राहणाऱ्या. सगळ्या भावकीची खबरबात त्यांच्याकडे असायची. फेब्रुवारीत त्या काशीयात्रेला गेल्या होत्या, त्यामुळे लग्नातलं आमचं बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. हेही माझ्या ध्यानात होतं. त्यांना शकू आल्याचा निरोप मीच पाठवला होता.

"कुठं आहे शकू?" मावशी दारातूनच म्हणाल्या. हातात पायरी आंब्यांची पिशवी.

"आत आहेत. पडल्यात."

"पडलीय? बरं नाही का?"

"नाही हो, बऱ्या आहेत. आराम करतायत."

मावशी टेकल्या. मी मुद्दाम उठले, पाणी आणलं, आंबे आत नेऊन ठेवले. तेवढंच बळ त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"भर दुपारी दार लावून लोळतीय?" मावशींचा आवाज मुळातच खणखणीत. "आणि तू आजारी बाई उभी राहून पाणी देतीयेस? काय म्हणावं या पोरीला! माहेरपण म्हणजे काय, कशालाच हात लावायचा नाही? तरी मला बार्शीचं कुणीतरी म्हणत होतं, शकू आता पहिल्यासारखी राहिली नाही, आळसावलीय म्हणून. मी म्हटलं, छे! आता बघतेच आहे डोळ्यांनी."

एका वाक्यानं मी ते थांबवू शकले असते. मी म्हटलं, "असू दे, मावशी. त्यांना आराम हवाय."

"कसला आराम? दगडासारखी आहे धडधाकट. नाटकं नुसती. तिची आई असती ना, पाठीत धपाटा घालून उठवली असती. तुझं कौतुक आहे हो नलिनी, सहन करतेस."

मी मान खाली घालून साडीचा काठ सारखा केला. आत चिटपाखरूही हललं नाही.

मावशी गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. शकूवन्सं कॉटवर उठून बसल्या होत्या. केसांचा गुंता, चेहरा सुजलेला. रडल्या होत्या, पण आवाज न करता. मला ते रडणं चांगलं माहीत होतं. पालथं पडून उशी दाताखाली धरायची.

"तू एक शब्द बोलली नाहीस तिला," त्या म्हणाल्या.

"काय बोलायला हवं होतं?"

"की मी आळशी नाही. की तू मला असं झोपवलंयस. जन्मभर राबलीय मी, नलिनी! सासूचं आठ वर्षं अंथरुणावर केलं. माझ्याबद्दल असं कुणी... तिनं काय बघितलं म्हणून ती असं बोलली?"

"बंद दार बघितलं."

मी भिंतीवर बोटानं टकटक केलं. पोकळ आवाज आला.

"ही भिंत प्लायवूडची आहे, वन्सं. बाहेरचं सगळं आत ऐकू येतं. तुमच्या कधी लक्षात आलं नसेल, कारण तुम्ही कायम बाहेर असायचात."

त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गौरी विसर्जनाच्या दिवशी सकाळी," मी म्हटलं, "तुम्ही आणि मावशी बाहेर चहा पीत होतात. मी इथं होते. याच कॉटवर. ब्रश हातातून पडला होता आणि तो उचलायला वाकता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, नाटकं आहेत नुसती. काल बघितलंत ना कशी तुरुतुरु पळत होती? माझ्या भावाचं नशीब फुटलं. आई असती तर हिला कधीच माहेरी धाडली असती."

"तू झोपली होतीस."

"डोळे उघडत नव्हते. कान उघडे होते."

बाहेर मुकुंद उभे असावेत, कारण भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता.

वन्संनी पदरानं नाक पुसलं. त्यांचा आवाज चढला, चूक अंगावर आली की चढायचा तसा. "मग तेव्हाच बाहेर येऊन का नाही विचारलंस मला? तोंडावर बोलायचं होतंस! मी काय खाल्लं असतं तुला?"

"उठता येत नव्हतं, वन्सं."

त्यांनी पदर मांडीवर टाकला.

"तुम्हाला येत होतं," मी म्हटलं. "आत्ता, मावशी बोलत होत्या तेव्हा. दाराला कडी नाही. चार पावलं टाकून बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभं राहता आलं असतं. लग्नात चारचौघींत शब्द दिलात म्हणून पडून राहिलात. मी कुणाला शब्द दिला नव्हता. हा माझा आराम आहे. तुमचा उद्या संपेल."

मला वाटलं होतं, आता त्या माफी मागतील. माझी तयारी होती. माफ न करण्याची तयारी होती, वाक्यसुद्धा ठरलेलं होतं. पण शकूवन्संनी तसलं काही केलं नाही. त्या उठल्या, कंगवा घेतला आणि गुंता खसाखसा ओढून काढला. अंबाडा घातला. बाहेर येऊन कपाटावरचं घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. मुकुंदना म्हणाल्या, "मुकुंदा, चारची बार्शी असते ना? चल स्टँडवर सोड."

"ताई, अगं उद्याचा दिवस..."

"चल म्हणते ना."

माझ्याकडे न बघता त्या जिना उतरून गेल्या. मी आरामखुर्चीत बसले आणि एकटीच हसत सुटले. खरं सांगते, कणव वगैरे काही वाटली नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं. मग त्यांच्याच डब्यातली चटणी भातावर घेऊन खाल्ली. चटणी मात्र त्या फर्मास करायच्या.

अंगानं त्याची वसुली केलीच. आठवडाभर मी पडून होते, आणि पडदा ओढून विचार करत होते की या थेरांपायी माझे ते दोन तास तर गेले नाहीत ना. सुदैवानं तळ गाठला नव्हता. जूनमध्ये मी वाचनालयात गेले. सकाळचे दोन तास, खुर्चीत बसून. पुस्तकांच्या बांधणीच्या खळीचा तो आंबूस वास मी छातीभर ओढून घेतला. एका म्हाताऱ्या सभासदांनी विचारलं, "बऱ्या झालात का?" मी म्हटलं, "होतेय."

श्रावण संपत आला तशी मला भीती वाटायला लागली. गौरी. पुन्हा तोच स्वयंपाक, त्याच बायका. या वेळी पडले असते तर वाचनालय कायमचं सुटलं असतं, समिती काय दर वर्षी वाट बघत बसणार नव्हती. मेनंतर वन्संचा फोन नव्हता, पत्र नव्हतं. भावकीत त्यांनी काय सांगितलं असेल कोण जाणे. मुकुंद म्हणाले, "ताईला या वर्षी नको म्हणू का?"

"नको. येऊ देत."

का म्हटलं ते मलाही सांगता आलं नसतं. घाबरत होते, पण पळून जाणार नव्हते.

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात इंदूमावशी, दोन चुलतजावा आणि मी. मला नेमकं त्या दिवशी बरं वाटत होतं. मावशी म्हणाल्याच, "वा, टवटवीत दिसतेस की आज! मग पोळ्या तुझ्याच हातच्या." मी ओट्याला टेकून उभी राहिले. तेवढ्यात खाली दारात रिक्षा थांबली.

शकूवन्सं आत आल्या. चपला काढल्या, पाय धुतले, गौरींना हळदीकुंकू वाहिलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मग मुकुंदना विचारलं, "शिडी कुठाय?"

"शिडी? कशाला?"

त्यांनी पदर खोचला आणि पन्नाशीची बाई शिडी लावून माळ्यावर चढली. वरून धूळ पडली, एक पातेलं खडखडत खाली आलं. मग स्टूल घेऊन त्या उतरल्या. नवीन इरकलीच्या पदरानं त्यांनी ते पुसलं आणि ओट्यापाशी आणून आदळलं.

"बस," त्या मला म्हणाल्या.

"अगं शकू," मावशी म्हणाल्या, "गौरीचा स्वयंपाक स्टूलावर बसून? आणि छान तर दिसतीय ती आज."

"छान दिसतीय म्हणूनच बसायचं. बरं वाटतं त्याच दिवशी जपायचं असतं." वन्सं वळल्या. "आणि मावशी, बंद दार बघून बोलायची सवय आपल्याला दोघींनाही आहे. मी सोडलीय. तुम्ही बाहेर बसून वाती वळा."

मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या बाहेर गेल्या. चुलतजावा भाज्या निवडायच्या निमित्तानं त्यांच्या मागोमाग गेल्या, कारण बाहेर आता बोलायला पुष्कळ होतं.

मी स्टूलावर बसले. वन्संनी लाटणं घेतलं. मी उंडे करून देत होते, त्या लाटत होत्या, भाजत होत्या. मी काही मऊ झाले नव्हते. चौथ्याच पोळीला म्हणाले, "वन्सं, कडेपर्यंत पुरण पोचलं नाही."

त्यांनी ती पोळी बाजूला ठेवली आणि दुसरी लाटली.

"ही जाड झाली."

त्यांनी तिसरी लाटली. घामानं कुंकू ओघळून भुवईत आलं होतं. मी अजून दोन-तीन पोळ्यांना नावं ठेवली. काही खरंच बिघडल्या होत्या, काही नव्हत्या.

"राग गेला नाही वाटतं अजून," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या.

"नाही."

"जाईल का?"

"सांगता येत नाही. बराच आहे."

त्यांनी पोळी उलटली. तूप सोडलं. मी बोलता बोलता तावातावानं स्टूलावरून अर्धी उठले होते, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. वन्संच्या आलं. त्यांनी पिठाच्या हातानं माझा खांदा धरून मला परत खाली बसवलं.

"कर ना राग," त्या म्हणाल्या, "पण बसून कर."